वास गेल्यावरच द्यावं

दिवाळीच्या आधी पनवेलमध्ये माळे रिकामे होतात. खांदा कॉलनी, कामोठे, खारघर, नवीन पनवेल इथल्या इमारतींमधून त्या दिवसांत ज्या पिशव्या खाली उतरतात, त्यांत जुन्या कपड्यांच्या खालोखाल खेळणी असतात. एक कान लोंबणारा ससा, चारही चाकं शाबूत असलेला डंपर, ठोकळ्यांचा अर्धा संच, केस कापलेली बाहुली. यातलं बरंचसं पुढे कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर, अंगणवाड्यांत, वीटभट्ट्यांवर पोचतं. देणाऱ्याची भावना चांगली असते, खेळणंही बहुधा धड असतं. तरी ते मुलाच्या हातात टिकत नाही. मूल ते घेतं, छातीशी धरतं आणि लगेच खाली ठेवतं. विचारलं तर सांगतं, "ताई, याला वास येतो."

ही पुस्तिका त्या वासाबद्दल आहे. जुन्या खेळण्यांची देवघेव करणाऱ्या बायकांनी, अंगणवाडीच्या ताईंनी आणि काही हौशी आजोबांनी मिळून ती तयार केली आहे. विषय इतका लहान की त्यावर पुस्तिका कशाला, असं कुणालाही वाटेल. पण कपड्यावरचा डाग कसा काढावा हे प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला ठाऊक असतं, आणि वासाच्या बाबतीत मात्र बहुतेक घरांत एकच उपाय चालतो: त्याच्याहून उग्र वास वर ओतायचा. माझं सगळं म्हणणं या उपायाच्या विरोधात आहे. वासातून खेळणं आपल्याला काहीतरी सांगत असतं. ते कुठे होतं, कशात भिजलं, कुणाजवळ राहिलं, त्याच्या पोटात काय भरलंय, हे सारं त्यात असतं. आधी ते समजून घ्यायचं, मग कारण काढून टाकायचं. कारण गेलं की वास जातो, आणि कारण जात नसेल तर ते खेळणं कुणालाही द्यायचं नाही.

वासाकडे लक्ष द्यावं हे पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. तळोज्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला दर्प रात्री कळंबोली-खारघरच्या खिडक्यांतून आत येतो, आणि लोक त्यावरून वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये त्या भागातली भटकी कुत्री निळी झालेली दिसली, तेव्हा कासाडी नदीत काय सोडलं जातंय याची देशभर चर्चा झाली. तिथल्या लोकांच्या नाकाला ते त्याआधीच कळलेलं होतं.

घरातल्या खेळण्यांना बाधतो तो मात्र पाऊस. पनवेल खाडीकाठचं गाव. गाढी नदी शेजारून वाहते, आणि नवी वसाहत बरीचशी भराव घातलेल्या खाजणावर उभी आहे. जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहते. बुरशीला त्याहून कितीतरी कमी ओल पुरते. माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं अस्वल म्हणजे बुरशीसाठी केलेली सोयच: आत कोंडलेली ओल, अंधार, आणि लाळ-दूध-बिस्किटाचे कण. त्यातून जो कुबट वास येतो त्याचा एक घटक जिओस्मिन. मातीतले आणि ओलीतले काही सूक्ष्मजीव तो तयार करतात. गंमत अशी की पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, त्यातही हेच जिओस्मिन असतं. त्या मृद्‌गंधाचा शास्त्रीय अभ्यास इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९६४ साली प्रसिद्ध केला, आणि कनौजचे गंधी तर त्याआधीपासूनच मातीचं अत्तर काढत होते. माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी ते आपल्याला जाणवतं. म्हणूनच वरून कोरडं, स्वच्छ दिसणारं खेळणं आत कुठे ओल असेल तर लगेच ओळखू येतं.

ओळखू येतं, पण परक्याला. ज्या घरातलं ते खेळणं असतं, त्या घरच्यांना येत नाही. नाक कुठल्याही वासाला काही मिनिटांत सरावतं आणि त्याची दखल घेणं सोडून देतं. खेळणी देणारे लोक बेफिकीर असतात असं मला कधीच वाटलं नाही. त्यांना तो वास खरोखरच येत नसतो. म्हणून पुस्तिकेत सगळ्यात आधी डब्याची परीक्षा दिली आहे. झाकणाचा स्टीलचा डबा आधी घासून, वाळवून, त्याला स्वतःचा वास नाही ना ते पाहायचं. त्यात खेळणं ठेवून झाकण लावायचं आणि डबा तासभर उन्हात ठेवायचा. उष्णतेने वासाचे रेणू सुटतात आणि डब्यात साठतात. मग झाकण उघडून पहिला श्वास घ्यायचा, तोही त्या घरात न राहणाऱ्या कुणीतरी. दुसऱ्या श्वासावर विसंबू नये. आमच्या गटात हे काम सकाळी, स्वयंपाकाला लागायच्या आधी करतात, कारण एकदा कांदा परतला की नाकाचा उपयोग संपला.

वास कसला आहे हे कळलं की उपाय बराचसा आपोआप सुचतो. आपल्या परिसरात आगरी-कोळी घरं पुष्कळ, आणि सुकट-बोंबलाच्या डब्याशेजारी राहिलेली खेळणीही पुष्कळ येतात. माशाच्या वासामागे मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन असतं, आणि ते अल्कधर्मी आहे. मासळी धुताना चिंच, आगळ किंवा लिंबू का लावतात याचं उत्तर यातच आहे. आंबट पदार्थातलं आम्ल त्या द्रव्याला बांधून ठेवतं आणि ते हवेत उडायचं थांबतं. खेळण्याला आगळ लावता येत नाही, कारण डाग पडतो. पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून फडक्याने पुसलं की काम होतं. बाळाच्या शूचा जुना वास म्हणजे मुख्यतः अमोनिया. तोही अल्कधर्मी, म्हणून त्यालाही व्हिनेगरच. बाळाने ओकलेलं दूध याच्या उलट. त्या आंबूस वासात ब्युटिरिक आम्ल असतं आणि तिथे खाण्याचा सोडा कामाला येतो. सिगारेटचा धूर आणि रोजच्या तळणीचा मेणचट थर यांना दोन्हींपैकी काहीच पुरत नाही. तिथे साबण आणि कोमट पाणीच हवं, तेही पुन्हा पुन्हा. धुराचा अवशेष खेळण्यांवर महिनोन् महिने टिकतो. रांगणारी बाळं तो हाताने आणि तोंडाने गोळा करतात, तेव्हा तिथे कंटाळा करू नये.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढण्याची जी पद्धत हल्ली सर्रास सांगितली जाते, तिच्यात मला अर्थ दिसत नाही. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि हाती उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. फेस मात्र फार छान दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र आणायचं नाही, एकाच मोरीत एकापाठोपाठ ओतायचंसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

आता डांबरगोळीबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण जुन्या खेळण्यांच्या दर दोन-चार पिशव्यांमागे एकीत ती सापडते. कपाटातल्या साड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवायची वस्तू मुलाच्या बाहुलीबरोबर ठेवायची नसते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगितलेलंच नाही. बऱ्याच गोळ्या नॅफ्थलिनच्या असतात. ते घनरूपातून सरळ वाफ होऊन हवेत जातं, म्हणूनच गोळी हळूहळू लहान होते. ती वाफ बाहुलीच्या कापडात, केसांत, पोटातल्या कापसात जाऊन बसते. काही मुलांच्या तांबड्या पेशींत जी६पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा मुलांच्या शरीरात नॅफ्थलिन गेलं तर तांबड्या पेशी फुटू लागतात, बाळ पिवळं पडतं, लघवी गडद होते. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९६३ साली नवजात बाळांच्या अशाच आजाराची नोंद केली. त्या बाळांनी गोळी तोंडात घातलेली नव्हती. नॅफ्थलिनची वाफ श्वासातून जाणं पुरेसं झालं होतं. युरोपीय संघाने २००८ मध्ये नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्या किराणा दुकानात सहज मिळतात. जी६पीडीची कमतरता भारतातल्या अनेक समाजांत, आदिवासी समाजांतही आढळते, आणि ज्या मुलांच्या हाती हे खेळणं जाणार त्यांची रक्ततपासणी झालेली असेल असं धरून चालता येत नाही.

म्हणून डांबरगोळीचा वास असलेलं मऊ खेळणं धुवून भागत नाही. नॅफ्थलिन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. ते उष्णतेने आणि वाऱ्याने उडून जातं. असं खेळणं उघड्यावर, कडक उन्हात, इतर खेळण्यांपासून लांब ठेवायचं, पोट उसवून आतलं भरण फेकून द्यायचं आणि कापड धुवून पुन्हा उन्हात घालायचं. त्यानंतर डब्याची परीक्षा. डब्यात जरासाही वास आला तर ते तान्ह्या बाळाच्या घरी द्यायचं नाही, हा नियम आम्ही मोडत नाही. कापराचीही हीच गत. देवापुढे जळणारा कापूर पवित्र असेल, पण लहान मुलाच्या पोटात गेला तर तो विष आहे. बाहुलीच्या झग्यात कापराच्या वड्या बांधून देणाऱ्या आजींना हे समजावून सांगावं लागतं, आणि त्या समजून घेतात. फिनेल, अत्तर, फॅब्रिक कंडिशनर, खोलीत फवारायचे सुगंध, हे सगळं याच रांगेतलं. त्यांनी खालचा वास जात नाही. तो कळायचा मात्र बंद होतो, आणि घेणाऱ्याला सावध होता येत नाही.

मऊ खेळण्यांचं मर्म पोटात असतं. बाहेरून कितीही धुवा, वास आत बसलेला असतो. अस्वल पालथं घालून पाठीवर किंवा मागच्या पायाजवळ बोट फिरवलं की एक शिवण बाकीच्यांपेक्षा किंचित उंच, जराशी वाकडी लागते. भरण भरल्यावर शेवटी हाताने मिटलेली शिवण ती. तिचे टाके लहान कात्रीने एक सोडून एक कापायचे, म्हणजे कापड फाटत नाही. आत दोन बोटं घातली की काय भरलंय ते हाताला कळतं. पांढरा पॉलिस्टरचा धागा असेल तर तो धुता येतो. पिवळा पडलेला, चुरा होणारा स्पंज असेल, किंवा कारखान्यातल्या कातरणाच्या रंगीबेरंगी चिंध्या असतील, तर त्या टाकायच्या. दाबल्यावर गाणारा डबा असेल तर तो आधी काढायचा, नाहीतर धुताना आतली बॅटरी गळते. आता कापड आणि भरण वेगवेगळं हुंगायचं. बहुतेक वेळा कापड निर्दोष असतं.

कापड उलटं करून रिठ्याच्या पाण्यात भिजवायचं. आठ-दहा रिठे बिया काढून रात्री भिजत घालावेत, सकाळी उकळून, कुस्करून गाळावेत. त्याचा फेस वूलन कपड्यांना चालतो तसा या लवदार कापडालाही चालतो, आणि स्वतःचा उग्र वास मागे ठेवत नाही. पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं, एवढं सांभाळायचं. कापड पूर्ण सुकल्यावर नवं भरण भरून, टाके आतल्या बाजूला लपतील असे घेऊन शिवण मिटवायची आणि शेवटी डोळे, नाक, बटणं जोर लावून ओढून पाहायची. जे ओढल्यावर हलतं ते काढून टाकून तिथे दोऱ्याने डोळा काढायचा. वास घालवायला उसवलेल्या खेळण्याची ही तपासणी आपसूक होते, आणि ती वासाइतकीच गरजेची आहे.

उन्हाचं महत्त्व आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. गाद्या, पापड, डाळी, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांना आपण ऊन दाखवतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२० मध्ये उन्हात आणि सावलीत वाळवलेले टॉवेल तपासले, तेव्हा फक्त उन्हातल्या टॉवेलांवर काही खास अल्डिहाइड आणि कीटोन सापडले. उन्हाला स्वतःचा वास असतो हे आपण म्हणतो ते खरंच आहे तर. पण ऊन सगळ्यांना सारखं मानवत नाही. व्हिनाइलच्या बाहुल्या उन्हात चिकट होतात, कारण त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतं. त्या सावलीत, वाऱ्यावर ठेवाव्यात. सावंतवाडीची लाकडी फळं आणि बैलगाड्या भिजवू नयेत आणि भर उन्हातही घालू नयेत. ओल्या फडक्याने पुसून त्या पंख्याखाली ठेवल्या की पुरे.

काही वास हे ‘टाकून द्या’ एवढंच सांगतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, पनवेलमध्ये गाढीचं पाणी घरांत आलं, आणि त्यानंतरही सखल भागांना ती भीती दर पावसाळ्यात असतेच. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात त्याचे रुग्ण नेहमी आढळतात. पुरात भिजलेलं किंवा उंदराचा उग्र, शिळा वास असलेलं भरणाचं खेळणं धुवायच्या फंदात पडू नये. कडक प्लास्टिकचं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवावं, एक लिटर पाण्यात वीस मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं बुडवावं आणि भरपूर पाण्याने खळखळून धुवावं. अंघोळीच्या वेळी पिचकारी मारणारी रबरी बदकंही याच यादीत येतात. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशी वापरलेली बदकं कापून पाहिली, तेव्हा आतल्या भिंतीवर जिवाणू-बुरशीचा दाट थर होता. बदक दाबल्यावर काळे कण आणि गढूळ वास बाहेर आला तर आतली साफसफाई शक्य नसते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. वास गेला म्हणजे खेळणं सुरक्षित झालं, असं नाही. शिशाला वास नसतो, कॅडमियमला नसतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१८ साली दोनशे जुनी प्लास्टिकची खेळणी तपासली गेली आणि त्यांतल्या बऱ्याच पिवळ्या, लाल आणि काळ्या तुकड्यांत हे धातू आढळले. भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून. माळ्यावरची बहुतेक खेळणी त्याआधीची आहेत. रंगाचे पापुद्रे निघत असतील, तर वास कितीही गोड असो, ते खेळणं बाजूला ठेवावं.

आणि एक वास असा आहे जो घालवू नये. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्ये मांडलेल्या निबंधात मुलांच्या जवळच्या चिंध्या, गोधड्या, अस्वलं यांचा विचार केला. मळलेली, वास मारणारी ती वस्तू आई धूत नाही, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवातला सलगपणा तुटतो, हे त्याने नोंदवलं. आपल्या घरांतही आजीच्या लुगड्याची गोधडी कुणाला धुवू न देणारी मुलं असतात. स्वतःच्या मुलाचं जवळचं खेळणं या पुस्तिकेतल्या उपायांनी धुवू नका. पण त्या मुलाला हवाहवासा वाटणारा तोच वास दुसऱ्या मुलाला परक्या घराचा वास वाटतो. म्हणून ते खेळणं द्यायचं की नाही हे आधी त्या मुलाला विचारावं, आणि त्याने हो म्हटलं तर मात्र पूर्ण धुवून द्यावं.

ज्यांना द्यायचं त्यांचा विचार शेवटी येतो, पण कामाचं वेळापत्रक त्यांच्यावरूनच ठरतं. पनवेल तालुक्यातल्या वाड्यांवर कातकरी आणि ठाकूर कुटुंबं राहतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक. दिवाळी झाली की त्यांतली बरीच कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लाकडी कोळशाचा तुकडा खेळण्यांच्या पेटीत ठेवला तर तो वास ओढून घेतो, हे या पुस्तिकेत पुढे येणारच आहे. त्या कोळशामागे याच लोकांची मेहनत असते. या घरांतल्या मुलांना खेळणी नसतात असं समजू नये. चिंचोके, करवंट्या, टायर, तारेची गाडी, त्यांच्याकडे सगळं असतं, आणि त्याला मातीखेरीज कसलाही वास नसतो. आपण देतो ते या सगळ्याच्या तोडीचं तरी असावं.

पावसाळ्यात मऊ खेळणी धुवायला काढली तर ती दिवसेंदिवस आतून ओलीच राहतात आणि पहिल्यापेक्षा वाईट वास घेऊन येतात. तेव्हा जून ते सप्टेंबर फक्त गोळा करायचं: पिशव्यांच्या गाठी सोडायच्या, पेटीत वर्तमानपत्राचे बोळे आणि कोळसा ठेवायचा, हवा खेळती ठेवायची. ऑक्टोबरचं कडक ऊन दसऱ्याच्या सुमाराला सुरू होतं आणि भट्ट्यांकडे जाणारे ट्रक दिवाळीनंतर सुटतात. उसवणं, धुणं, वाळवणं, भरणं, शिवणं आणि डब्याची परीक्षा, हे सारं मधल्या वीसेक दिवसांत बसवावं लागतं. म्हणून पुढचं पहिलं प्रकरण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, आणि त्यात रोज सकाळी गच्चीवर कोण येणार, किती दोऱ्या बांधायच्या, रिठे कधी भिजत घालायचे, इथपर्यंत सगळं लिहिलं आहे.